फुटक्या पाइपात ओतलेला हंडा

मंडळी, आज दुपारी मुलुंडच्या गॅरेजमध्ये मेकॅनिकने माझ्या डिझेल गाडीच्या फुटलेल्या कूलंट पाइपचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पाइपचा, खर्च सांगितला. मी पटकन बोलून गेलो, "टेप मार रे, पाणी ओतत जाईन."

बोललो आणि माझीच मला लाज वाटली.

ऐंशीच्या दशकात माझ्या डिझेल टेम्पोचा हाच पाइप फुटला होता. नवा महाग, म्हणून मी सायकलची ट्यूब गुंडाळून फिरायचो. घाटकोपरच्या चढावर इंजिन तापलं. चाळीतल्या एका बाईने न मागता हंडा आणून दिला. मी सगळा ओतला. दोन मिनिटांत पाणी रस्त्यावर.

"पाइप फुटलाय हे ठाऊक होतं तुला?" तिने विचारलं. "आमचा नळ आता उद्या येणार."

मला मान वर करवेना.

तरी पुढे महिनाभर मी पाइप बदलला नाही. प्रत्येक चढावर पाणी देणारं कुणीतरी भेटायचंच ना!