शून्य गुणांची बाळंतीण

मोठ्या सिस्टर पहिल्यांदा एखाद्या घरी आल्या की आधी कुत्रा भुंकायचा थांबे, मग नळ गळायचा थांबे आणि सगळ्यात शेवटी सासू बोलायची थांबे. एका नवख्या बापाने तर दार उघडताच दोन्ही हात वर केले होते म्हणतात. बाळ त्याच्या हातात नव्हतं म्हणून बरं. "हात खाली घ्या आणि धुवा," एवढं बोलून त्या आत शिरल्या, खिडकी उघडली, बाळंतिणीच्या पाठीमागे उशी खोचली, बाळाचं पोट आईच्या पोटाला लावलं आणि तीन दिवस नुसतं चघळत रडणारं पोर दोन मिनिटांत गटागटा प्यायला लागलं.

"सहा महिने बाळाला वरचं पाणीसुद्धा नाही. पाणी प्यायचं ते हिनं. बाळ झोपलं की हिनंही झोपायचं, भांडी नवरा घासेल. घासता येतात ना?"

सव्वीस वर्षं त्या वजनकाट्याची पिशवी खांद्याला लावून जिने चढत होत्या. पिशवीत दहा प्रश्नांचा एक कागदही असे. हसू येतं का, झोप लागते का, उगीच भीती वाटते का, जीव नकोसा होतो का. उत्तरांना गुण, जितके गुण जास्त तितकी काळजी जास्त. आरोग्य केंद्रातल्या नव्या सिस्टर पोरींना त्या बजावत, "गुण जास्त आले तर डॉक्टरकडे पाठवा. पण शून्य आलं तर खुर्ची ओढून बसा. दर दोन तासांनी उठणारी बाई म्हणते मी मजेत! ती एक तर देवी असेल, नाही तर थापा मारत असेल. आणि देवी काही आपल्या वॉर्डात बाळंत होत नाहीत."

मग त्यांची स्वतःची लेक बाळंत झाली.

घरच्या माणसाकडे दुसऱ्या सिस्टरनं जायचं, असा केंद्राचा नियम. "माझ्या लेकीला दुसरी काय कप्पाळ सांगणार?" म्हणत मोठ्या सिस्टरनी तो धाब्यावर बसवला आणि सहाव्या आठवड्यात स्वतःच वजनकाटा घेऊन हजर झाल्या. घर आरशासारखं लख्ख. लेकीचे केस विंचरलेले, बाळ गुटगुटीत, लोहाच्या गोळ्यांचं पाकीट बरोबर आजच्या तारखेपर्यंत रिकामं. सिस्टरनी कागद पुढे केला. लेकीनं उभ्याउभ्या भराभर खुणा केल्या. बेरीज शून्य.

खुर्ची हाताशीच होती. सिस्टर बसल्या नाहीत. "बघा जावईबापू, याला म्हणतात वळण!"

जावई त्यांना पोचवायला जिन्यापर्यंत आला. स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाला, "आई, ती आंघोळीला जाते आणि नळ सोडून तासभर बसते. रडते बहुतेक. बाळाला पाजते, पण त्याच्याकडे बघत नाही."

"अहो, बाळंतपणानंतर रडू येतंच. तुम्ही नका रडू म्हणजे झालं!"

पहिले दोन आठवडे येतं; त्यानंतरही थांबलं नाही तर ते दुखणं असतं. हे वाक्य त्यांनी हजार घरांत ऐकवलं होतं. त्या दिवशी आठवडे मोजायचे तेवढे राहिले. गुटगुटीत नातू मांडीवर खेळवून आल्यावर कोण मोजतं?

चार दिवसांनी लेकीनं बाळ खालच्या शेजारणीकडे दिलं, "आत्ता येते" म्हणाली आणि गेली. दुपारी बस डेपोतल्या कंडक्टरला ती बाकावर बसलेली दिसली. पायात घरातल्या सपाता, कपडे छातीशी दुधानं भिजलेले. कुठे जायचंय, असं त्यानं विचारलं तर म्हणाली, "ते ठरलेलं नाही."

तिथून तिला इस्पितळात आणलं. केंद्रातल्याच चोवीस वर्षांच्या एका सिस्टरनं शेजारी बसून तोच कागद भरून घेतला. मोठ्या सिस्टर दाराबाहेर. बेरीज बावीस. जीव नकोसा होण्याच्या प्रश्नालाही गुण होते.

मग त्या आत गेल्या.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"शाळेत असताना रविवारी तुझ्या कागदांच्या बेरजा कोण करायचं? मीच ना? कुठली खूण दिसली की तू खूश होतेस, मला पाठ होतं." लेक भिंतीकडे बघत बोलत होती. "आणि तू तर उभीच होतीस, आई."

लेक पाच आठवडे इस्पितळात राहिली. औषधं लागू पडली. दूध मात्र आटलं; नातू बाटलीवर वाढला. लेकीच्या घरी आता ती चोवीस वर्षांची सिस्टर जाते. मोठ्या सिस्टरनी घरभेटी सोडून बदली मागून घेतली. त्या लसींच्या फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहितात.