लाँड्रीच्या दारातला फळा

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लाँड्रीच्या मालकीणबाईंना सगळे संपादकबाई म्हणत. शाळा सातवीतच सुटलेली, पण ज्यावर बाईंना मत नाही असा विषय शोधूनही सापडला नसता. दुकानाच्या दारात त्यांनी एक फळा टांगला होता आणि त्याचे खडूने चार खण पाडले होते: खेळ, खाणं, कला आणि कारभार. रोज सकाळी इस्त्री तापेपर्यंत बाई खण भरत. ‘आपला गोलकीपर चेंडू सोडून बाकी सगळं अडवतो.’ ‘नव्या नाटकात नायकच इतका रडतो, की प्रेक्षकांच्या वाट्याला रडणं उरत नाही.’ ‘रस्ता दुरुस्तीचं उद्घाटन दोनदा झालं, आता एकदा दुरुस्तीही व्हावी.’ लोक शर्ट न्यायला येत आणि फळा वाचत रेंगाळत. काहींचे तर शर्टही नसत, तरी येत.

आता मत काय, कुणालाही असतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण बाईंचा नियम कडक होता: डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि जिभेने चाखल्याशिवाय खडूला हात लावायचा नाही. दर रविवारी त्या मैदानाच्या कडेला उन्हात उभ्या राहून पूर्ण सामना बघत. नाटक रटाळ निघालं तरी पडदा पडेपर्यंत उठत नसत. बारा वर्षांत एक ओळ खोटी पडली नव्हती. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि का नसावा?

हा नियम मोडला तो गुडघ्यामुळे. गुडघा सुजून बाई दुकानाच्या खुर्चीला खिळल्या, आणि नेमकी त्याच सुमारास चौकात नवी खानावळ उघडली. सायकलवरून कपडे पोचवणारे त्यांचे यजमान तिथे जेवून आले.

“सूप म्हणजे नुसतं गरम पाणी गं,” ते म्हणाले.

खाण्याचा खण चार दिवस रिकामा होता आणि बाईंचा हात शिवशिवत होता. त्यांनी लिहून टाकलं, ‘चौकातलं सूप: पाणी तापवायला शेगडी पुरते, आचारी लागत नाही.’ गल्ली पोट धरून हसली. बाईही हसल्या.

खानावळ एका तरुण बाईची होती, एकटीच्या हिमतीवर उभी केलेली. तिचे अ‍ॅप्रन धुवायला बाईंकडेच येत. पहिल्या आठवड्यात त्यांच्यावर इतके डाग होते, की बाईंना घासताना घाम फुटला. पुढच्या आठवड्यात तिने सहा अ‍ॅप्रन टेबलावर ठेवले आणि हळूच म्हणाली, “काकू, नुसती इस्त्री केलीत तरी चालेल. धुवायची गरज नाही.”

 ती गेल्यावर बाईंनी सहाही अ‍ॅप्रन उलटसुलट करून पाहिले. एक शिंतोडा नाही. कपड्यांची भाषा त्यांना कळत होती. डाग नाहीत म्हणजे गिऱ्हाईक नाही.

“अहो, खरं सांगा. सूप कसं होतं?”

यजमान घुटमळले. “मला सर्दी होती ना तेव्हा. त्या दिवशी तुझा चहासुद्धा पाण्यासारखाच लागला होता.”

“मग चहाबद्दल का नाही बोललात?”

“मला याच घरात राहायचंय.”

एरवी बाई हसल्या असत्या. त्या उठल्या, लंगडत चौकापर्यंत गेल्या आणि रिकाम्या खानावळीत जाऊन बसल्या. सूप दाट होतं, लसूण आणि मिरी अगदी बेतानं. त्यांनी दोन वाट्या संपवल्या, आणि दुसरी वाटी संपताना त्यांना आपली भयंकर लाज वाटली.

चूक फळ्यावर कबूल करायची असं बाईंनी ठरवल्यावर यजमानांनी पुष्कळ समजावलं. दुसऱ्याच दिवशी प्रभागाची सभा होती. नगरसेवकाला मैदानावर पार्किंग करायचं होतं आणि विरोधात बोलायला बाईच उभ्या राहणार होत्या. “दोन दिवस थांब. आज चूक कबूल केलीस तर त्याच्या हाती आयतं कोलीत मिळेल.”

त्यांचं बरोबर होतं, हे बाईंना कळत होतं. मैदान गेलं तर ते त्यांच्या शब्दाला वजन उरलं नाही म्हणून जाणार होतं. ती ओळ गुपचूप पुसणं सर्वांत सोपं. पण लिहायचं चारचौघांत आणि पुसायचं चोरून, हा कुठला न्याय? त्यांनी चारही खण रेघांसकट पुसले आणि फळाभर लिहिलं: ‘चौकातल्या सूपबद्दल न चाखता लिहिलं. चुकले. आज चाखलं. उत्तम आहे. माफ करा.’

सभेत नगरसेवक उभा राहिला तोच मिस्कील हसत. “ज्यांना सूप आणि पाणी यातला फरक कळत नाही, त्या आता आपल्याला मैदान शिकवणार!”

सभागृह हसलं. बाईंचे कान तापले. त्या उठायच्या आतच मागून आवाज आला. खानावळवाली उभी होती.

“साहेब, काकूंनी माझं नुकसान केलं, खरंय. आठवडाभर मी रिकाम्या टेबलांकडे बघत बसले. पण चूक कळली त्याच दिवशी त्यांनी ती फळाभर लिहिली. तुमच्या चुका कुठल्या फळ्यावर असतात तेवढं सांगा, आम्ही वाचायला येऊ.”

 मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की नगरसेवकाला पाणी प्यावं लागलं. बाई खुर्चीचा आधार घेऊन उठल्या. “मैदान मी ऐकून नाही, बारा वर्षं उभं राहून पाहिलंय. तिथे गाड्या नकोत. हे मत मी पुसणार नाही.”

पार्किंगच्या विरोधात कोण, असं विचारल्यावर हात वर होत गेले, पुढच्या रांगेपासून दारापर्यंत. यजमानांनी तर ऊर भरून आल्यामुळे दोन्ही हात वर केले. बाईंनी त्यातला एक खाली ओढला.

“माणसी एकच मत, अहो,” त्या म्हणाल्या.