मोजणी माझी होती

वैरागडे बाईंना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांच्या हातात कांद्यांची टोपली होती. भिलाईतल्या आमच्या महाविद्यालयात माझा एम.एस्सी.चा पहिला दिवस होता. मला वाटले, प्राध्यापिका बाजार करूनच आल्या! त्या कांद्यांच्या मुळांवर त्यांचे अर्धे आयुष्य गेले हे नंतर कळले. डॉ. सुलभा वैरागडे यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण करीत आहेत. या गौरवग्रंथात सगळे त्यांच्याविषयी चांगलेच लिहितील. मलाही लिहायचे आहे, पण माझ्या लेखात एक कबुली आहे.

बाईंचा विषय मायटोटिक कायनेज. पेशी दुभंगताना गुणसूत्रांची वाटणी दोन्हीकडे सारखी व्हावी, म्हणून इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून कामाला लावणारी ही प्रथिने. कर्करोगात त्यांचा ताळ सुटतो, म्हणून त्यांना अडवणारी औषधे शोधली जातात. ती दिली की पेशी विभाजनातच अडकते, पुष्कळदा मरते. मात्र निरोगी पेशीही दुभंगतच असतात, तेव्हा मार त्यांनाही बसतो. बाई असे औषध कांद्याच्या मुळांना देत आणि अडकलेल्या पेशी आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली मोजत असू.

मोजणीपूर्वी प्रत्येक काचपट्टीवरचे नाव कागद चिकटवून झाकले जाई. औषधाची कोणती आणि नुसत्या पाण्याची कोणती, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. आपले ठेवायचे झाकून आणि दुसऱ्याचे पाहायचे वाकून, ही जगाची रीत; बाईंकडे आपलेच झाकलेले आपल्याला पाहायची बंदी होती. आम्ही हसत असू. बाई हसत नसत.

एम.एस्सी. झाल्यावर वडिलांनी माझे शिक्षण थांबवायचे ठरवले. ते रेल्वेत होते, आम्ही भिलाई-३ला क्वार्टरमध्ये राहत होतो. बाई सेक्टर २मधून रिक्षाने घरी आल्या. वडील म्हणाले, "अजून कितीक शिकवू हिले?" बाई म्हणाल्या, "भाऊ, तिले माझ्याकडे पाठवा. बाकीचं मी पाहून राहिली ना." चहा घेऊन त्या निघाल्या आणि माझी पीएच.डी. सुरू झाली.

त्याच संशोधनात मी झाकलेले न पाहण्याचा तो नियम मोडला. निकाल स्पष्ट दिसेना, बाईंना काय दाखवायचे, या विचाराने मी घाबरले होते. एका दुपारी मी नखाने कागद उचलून नावे पाहिली. मग ज्या पेशींबद्दल शंका होती, त्या सगळ्या सोयीच्या रकान्यात घातल्या. शोधनिबंध छापून आला, बाईंचे कौतुक झाले. पुढे दुसऱ्या एका प्रयोगशाळेला तो निकाल मिळेना. बाईंनी त्याच काचपट्ट्या दुसऱ्याकडून पुन्हा झाकून घेतल्या आणि एकट्यांनी मोजल्या. औषध आणि पाणी यांतला फरक जवळजवळ उरलाच नाही.

जुन्या कागदांच्या उचकटलेल्या कडा त्यांनी पाहिल्या असणार. मला बोलावून फक्त कारण विचारले, "हे कावून उचललं वं?"

"मले माहीत नाही, बाई," मी म्हणाले.

त्यांनी काचपट्ट्या एकेक करून पेटीत ठेवल्या. मग म्हणाल्या, "परवा तुझी मुलाखत आहे ना? देऊन ये आधी."

मला आमच्याच महाविद्यालयात नोकरी लागली. बाईंनी शोधनिबंध मागे घेतला. नियतकालिकाला पत्रात लिहिले, "मोजणीवर देखरेख माझी होती, ती कमी पडली." त्यात खोटे काहीच नव्हते, फक्त माझे नाव नव्हते. त्यांचा पुढचा प्रकल्प गेला, विभागप्रमुखपद गेले. बाईंनी आकडे बनवले, असे स्टाफरूममध्ये बोलले गेले तेव्हा मी तिथेच डबा खात बसले होते. मी तोंड उघडले नाही. आज मी स्वतः विभागप्रमुख आहे, याची मला लाज वाटते.

आता बाई भिलाईतल्याच कोहक्यात राहतात आणि कर्करोगाच्या उपचारावर आहेत. तीन आठवडे गोळी, एक आठवडा सुट्टी. ती गोळीही कायनेजच अडवते. मी तसे म्हणाले तर त्यांनी लगेच दुरुस्त केले, "आपलं कायनेज नाही वं ते. हे पेशी दुभंगायच्या अगोदरच्या पायरीवरचं हाये." रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार उतरल्यामुळे, संसर्ग नको म्हणून मला खोलीत जायची परवानगी नव्हती. व्हरांड्यात उभी राहूनच मी विचारले, "बाई, ते सगळं गौरवग्रंथात लिहू का?" त्या खूप थकलेल्या होत्या. माफ केले, असे काही त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "लिव. पण मी असतानाच छाप. माणूस गेल्यावर खरं बोलणारे लय भेटतात."

म्हणून हा लेख. त्या निबंधावरून ज्यांनी कधी बाईंना नावे ठेवली असतील, त्यांनी ती आता मला ठेवावीत. बाईंच्या पांढऱ्या पेशी भरून येवोत, अन्नाला चव येवो, पुढची पुष्कळ वर्षे त्यांना स्वास्थ्याची मिळोत. आणि संपादकांना हात जोडून विनंती आहे, ग्रंथाला उशीर करू नका.