अर्ताशातचा अंगठा

मंगळवारी हे गेले. पुढच्या आठवड्यात ह्यांच्या डिपार्टमेंटमधून फोन आला, मोहोरांची पेटी परत हवी आहे म्हणून.

हे अर्ताशातचा अभ्यास करायचे. आरास नदीकाठची आर्मेनियाची जुनी राजधानी. दफ्तरखाना जळाला तेव्हा दस्तऐवजांची राख झाली, पण त्यांच्या दोऱ्यांवर लावलेल्या मातीच्या मोहोरा त्याच आगीत भाजून पक्क्या झाल्या. माती दाबणाऱ्या कारकुनांचे अंगठे त्यांच्या कडेला तसेच राहिले.

ह्यांनी साच्यातून त्या मोहोरांच्या प्रतिकृती काढल्या होत्या. शिवाय कारकुनाचा हात कसा चालत असेल ते कळावं म्हणून स्वतःही तशा मोहोरा करून आमच्या ओव्हनमध्ये वाळवल्या. खूण मुद्दाम केली नाही. "मला ओळखता आल्या, तर जमलं नाही समज," म्हणायचे.

आता मला ह्यांचा एक अंगठा हवा होता.

जेवणाच्या टेबलावर सगळ्या मोहोरा मांडल्या. अमेरिकेतल्या ॲन आर्बरचा जानेवारी. दुपारीच अंधारून आलेलं. एकेका खळग्यात अंगठा ठेवत गेले. बहुतेकांत नुसती माती लागली. एकीत मात्र खालून कोणीतरी हलकेच दाबलं. मी हात काढला, पुन्हा ठेवला. पुन्हा तसंच. बर्फावरून चालताना हे माझा हात असाच दाबायचे.

पेटी न्यायला ह्यांची सहकारी आली, नागपूरची. ह्यांचा अंगठा शोधतेय, असं मी तिला सांगितलं.

"काकू, काकांचे ठसे इमिग्रेशनकडे असतीलच. मागवू या?"

"ग्रीन कार्ड द्यायला किती रडवलं त्यांनी! ठसे मिळेपर्यंत मी राहीन का?"

दोघी हसलो. मग मी निवडलेली मोहोर तिने भिंगाखाली धरली.

"ही काकांची नाही हो. दोरीच्या पिळाचा ठसा बघा, जुन्या दोरीचा आहे. काका तुमच्या वातींचा कापूस वळून दोरा करायचे, मला दाखवला होता." तिने पेटीतली एक शोधून दिली. "ही त्यांची."

मी तिच्यात अंगठा ठेवला. काहीच नाही. परक्या घराच्या दारावर हात ठेवावा तसं. पहिलीत ठेवला, तर खालून दाब आला.

"एक तुम्हाला ठेवता येईल, काकू. कुठली देऊ?"

ह्यांची मोहोर पेटीतून गेली. त्या कारकुनाची माझ्याकडे आहे.