बिस्किट कंपनीचा सडपातळ साक्षीदार

सुतळीभाऊंची उंची सहा फूट आणि वजन बावन्न किलो. अंगातला शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा. शेजारपाजारचे म्हणायचे, "भाऊ, वारा सुटला की खिशात दोन दगड ठेवत जा." त्यांच्या बायकोला मात्र या गोष्टीची मनापासून लाज वाटायची. ती पँटी शिवायची आणि जुन्या पँटी सैल-घट्ट करून द्यायची. दुकानात येणारं गिऱ्हाईक आधी तिच्याकडे बघायचं, मग नवऱ्याकडे, आणि मनातल्या मनात म्हणायचं, ही बाई याला जेवायला घालत नसावी. "चार माणसांचं एकटे खातात हो," ती शपथेवर सांगायची, "जातं कुठे ते विचारू नका."

जात होतं ते जिन्यांवर. सुतळीभाऊ विजेच्या मीटरचे आकडे घ्यायचे. सकाळी आठला खांद्याला पिशवी लावून निघायचं, इमारतीमागून इमारत पालथी घालायची, अंधाऱ्या जिन्याखाली वाकून मीटरवर बॅटरी मारायची, आकडा टिपायचा आणि पुढे. अकरा वाजता कुठल्या तरी जिन्याच्या वळणावर टेकायचं आणि खिशातून 'हलकाफुलका' नावाच्या बिस्किटांचा पुडा काढायचा. चारला दुसरा पुडा. हे अठरा वर्षं चाललं. पुड्यावर तरंगणाऱ्या पिसाचं चित्र होतं आणि खाली लिहिलेलं होतं, 'हलकं खा, हलके राहा'. भाऊंनी ते कधी वाचलंच नव्हतं. आकड्यांशिवाय काही वाचायची त्यांना सवय नव्हती.

ते वाचलं होतं एका बसचालकाने. वाचलं आणि खरं मानलं, हीच त्या बापड्याची चूक. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, जरा हलकं खात जा. म्हणून त्याने रोजचं जेवण कमी केलं आणि हलकाफुलकाचे चार चार पुडे फस्त करायला लागला. अकरा वर्षांत वजन एकशे तीसवर गेलं. साखर वाढली, रक्तदाब वाढला, गुडघे कुरकुरायला लागले, आणि पोट स्टेअरिंगला टेकायला लागल्यावर तपासणीत त्याला बसवरून खाली उतरवलं. त्याने कंपनीवर दावा ठोकला. त्याची वकीलबाई तरुण होती आणि जिभेला धार होती. पहिल्याच दिवशी ती कोर्टात म्हणाली, "साहेब, यांनी पुड्यावर पीस काढलं आणि आत वीट विकली."

वर्तमानपत्रांनी ते वाक्य उचललं आणि कंपनीच्या पायाखालची वाळू सरकली. विटेवर उतारा हवा होता. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या दुकानदाराने कंपनीच्या विक्रेत्याला सहज सांगितलं, "आमच्याकडे एक मीटरवाला आहे. रोज दोन पुडे खातो आणि काडीसारखा आहे."

दुसऱ्याच दिवशी भाऊंच्या दारात गाडी उभी राहिली. तीन माणसं उतरली आणि त्यांना बघून गहिवरली. एवढ्या मायेने भाऊंकडे त्यांच्या आईनेसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी उंची मोजली, वजन केलं, छाती आणि कंबर मोजली, पुढून मागून फोटो काढले. रक्ताचा थेंब मात्र कोणी घेतला नाही.

"तुम्हाला कोर्टात फक्त खरं बोलायचंय," कंपनीचे वकील म्हणाले. गृहस्थ पिकल्या केसांचे, गोड बोलणारे.

"तेवढंच जमतं मला," भाऊ म्हणाले.

बायको शिलाई मशीनवरून म्हणाली, "अहो, दुसऱ्याच्या भांडणात कशाला पडताय?"

"अगं, भांडण कसलं? बिस्किटं खातो का, एवढंच विचारणार आहेत."

साक्षीच्या दिवशी पट्टेवाल्याने त्यांचं खरं नाव तीनदा पुकारलं. चौथ्यांदा बायकोने कोपराने ढोसलं, तेव्हा आपलंच नाव आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. ते पिंजऱ्यात उभे राहिले आणि कोर्टात हशा पिकला. एका बाजूला दोन खुर्च्यांवर पसरलेला बसचालक, दुसऱ्या बाजूला हे. कंपनीच्या वकिलांनी पाच मिनिटांत काम उरकलं. किती वर्षं खाता? अठरा. रोज? रोज. वजन? बावन्न. "आणखी काही विचारायचं नाही," असं म्हणून ते पोट भरल्यासारखे बसले.

मग वकीलबाई उठली.

"भाऊ, तुम्ही रोज किती चालता?"

"सोळा-अठरा किलोमीटर होत असेल."

"आणि जिने?"

"लिफ्ट आम्हाला नसते, बाई. चाळीस-पन्नास मजले चढतो."

"मग पुड्यावर असं लिहायला नको का, की हे खाल्ल्यावर पन्नास मजले चढा?"

भाऊंनी खरोखर विचार केला. "लिहायला जागा पुरणार नाही. पीस फार मोठं आहे."

न्यायाधीशांनी हसू लपवायला तोंडासमोर कागद धरला. पण हसले म्हणून निकाल वकीलबाईच्या बाजूने लागला असं नाही. जाहिरात ही जाहिरात असते, तो काही डॉक्टरचा सल्ला नव्हे, असं त्यांनी लिहिलं. वादीला कोणी हातपाय बांधून बिस्किटं भरवली नाहीत, आणि तीच बिस्किटं खाऊन एक माणूस बारीक राहिल्याचं कोर्टाने डोळ्यांनी पाहिलं आहे. दावा फेटाळला.

बाहेरच्या व्हरांड्यात बसचालक भिंतीला धरून उभा होता. भाऊ मान खाली घालून निघून जाणार, तेवढ्यात तो म्हणाला, "तुम्ही खोटं काही बोलला नाहीत, भाऊ." शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. भाऊंना त्या दिवशी चारचा पुडा गेला नाही.

कंपनीला मात्र भाऊंचा विसर पडला नाही. त्यांना नोकरी देऊ केली. पगार दुप्पट, हुद्दा 'ग्राहकमित्र'. काम काय, तर मुख्य कचेरीत दर्शनी भागात काचेची खोली होती, तिच्यात फिरत्या खुर्चीवर बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यासमोर बिस्किटं खायची. थोडक्यात, बारीक असणं हीच नोकरी. भाऊंनी पिशवी आणि बॅटरी परत केली.

"बसून खाल्लं तर डोंगरही सरतात म्हणतात," बायको म्हणाली.

"सरू दे. अठरा वर्षं जिने चढलोय. आता जरा बसतो."

शहरभर फलक लागले. हसरे भाऊ, हातात पुडा, आणि खाली 'अठरा वर्षं रोज, तरी सडपातळ!' दाराशी कंपनीची गाडी, कचेरीत लिफ्ट, खोलीत गारवा. व्यापारी यायचे, शाळेच्या सहली यायच्या, काचेला नाकं लावून पोरं बघायची आणि भाऊ हात हलवून एक बिस्किट तोंडात टाकायचे. दिवसाला सहा पुडे तरी व्हायचे. तिसऱ्या महिन्यात बायकोने पँट कमरेत एक इंच सोडली. पाचव्यात आणखी दोन. सातव्यात सोडायला कापडच उरलं नाही, तेव्हा तिने मागे पट्टी जोडली. "अंगाला लागतंय एकदाचं," म्हणून सुरुवातीला ती खूश होती. मग जिना चढताना नवऱ्याची धाप ऐकून तिने तसं म्हणणं सोडलं.

कंपनीच्याही ध्यानात आलं. आधी भाऊंना उभ्या रेघांचे शर्ट दिले. मग समोर रुंद टेबल आणून ठेवलं. मग काचेला छातीपर्यंत धूसर कागद चिकटवला. दहाव्या महिन्यात भाऊ एक्याऐंशी किलोंवर पोचले आणि हातात पत्र पडलं. आपला बांधा कंपनीच्या प्रतिमेशी विसंगत झाला असून, करारातल्या नवव्या कलमाप्रमाणे नेमणुकीच्या वेळचा बांधा राखणं बंधनकारक होतं. सबब उद्यापासून येऊ नये. करारावर भाऊंची सही होतीच. वाचायची सवय नव्हती ना.

बाहेर पडल्यावर त्यांना घाम फुटला, चक्कर आली. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर साखर दोनशे ऐंशी. परत येताना पाणी प्यायला एका दुकानापाशी थांबले. डोक्यावर त्यांचाच फलक होता. दुकानदार त्यांच्याकडे आपादमस्तक बघून फलकाकडे बोट दाखवत म्हणाला, "काका, जरा या माणसाचा आदर्श ठेवा."

भाऊंनी पाण्याची बाटली घेतली आणि थेट वकीलबाईची कचेरी गाठली. तिने आधी ओळखलंच नाही. ओळखल्यावर पेन खाली ठेवलं.

"मी तुमच्या विरुद्ध उभी होते, भाऊ."

"म्हणूनच आलो. जिने किती चढता हे आजवर तुम्ही एकट्यांनीच विचारलंत."

दुसरा दावा उभा राहिला. समोर तेच गोड वकील, पण या खेपेला त्यांनी कोट तोच ठेवून अस्तर उलटं केलं होतं. भाऊंची जुनी साक्ष त्यांनी खड्या आवाजात वाचून दाखवली. "साहेब, वादी रोज अठरा किलोमीटर चालत होता, हे त्याने शपथेवर सांगितलंय. चालणं सोडलं आणि जाड झाला. यात बिस्किटाचा काय दोष?"

"म्हणजे ही बिस्किटं खाणाऱ्याने भरपूर चाललं पाहिजे, हे कंपनीला मान्य आहे?" वकीलबाईने विचारलं.

"अर्थात! लहान पोरालाही कळतं."

"साहेब, हे वाक्य नोंदवून घ्यावं."

गोड वकिलांचा चेहरा आंबट झाला. बाईने करार उघडला. "बिस्किटाने माणूस जाड होत नाही, असं मागच्या वेळी छातीठोकपणे सांगितलंत. मग जाड होऊ नये म्हणून नववं कलम कशाला घातलंत? दूध उतू जाणारच नाही अशी खात्री असलेला माणूस गॅसपाशी डोळे लावून का बसतो?"

मग बायकोची साक्ष झाली. ती आपली मापांची वही घेऊनच आली होती. गिऱ्हाइकांच्या मापांमध्ये नवऱ्याचंही पान होतं, तारखेसकट. अठ्ठावीस, एकोणतीस, एकतीस, चौतीस, छत्तीस.

"तुम्ही वादीच्या पत्नी," गोड वकील म्हणाले, "तुम्ही त्यांच्याच बाजूने मोजणार."

"साहेब, टेपला नातं कळत नाही," ती म्हणाली. "या इकडे, तुमचंही माप घेते."

ते काही पुढे आले नाहीत. उलट पोट आत घेऊन मागे सरकले.

निकाल अर्धा कडू, अर्धा गोड लागला. तोंड वादीचं आणि हातही वादीचा, तेव्हा वाढलेल्या वजनाची भरपाई मिळणार नाही. पण खायला लावून, खाल्लं म्हणून नोकरीवरून काढणं हा चोराच्या उलट्या बोंबा मारण्याचा प्रकार आहे. म्हणून कराराच्या राहिलेल्या मुदतीचा पगार द्यावा, फलक उतरवावेत, आणि पुड्यावरचं पीस आणि ते वाक्य काढून टाकावं.

कंपनीने आज्ञा तंतोतंत पाळली. पीस काढलं. त्या जागी चालणाऱ्या माणसाचं चित्र छापलं आणि खाली लिहिलं, 'चालत राहा, खात राहा'. खप दीडपट झाला म्हणतात.

भाऊंना जुनी नोकरी परत मिळाली नाही. मीटर आता स्वतःच आपले आकडे कचेरीला कळवतात, त्यांना भेटायला कोणी जात नाही. मग बायकोने त्यांना शिवलेल्या पँटी घरोघरी पोचवायचं काम दिलं, पायी, आणि सक्त ताकीद दिली की कोणी चहाबरोबर काही पुढे केलं तर हात खिशात ठेवायचे. वर्षभरात चौदा किलो उतरले. साखर काही पूर्ण उतरली नाही. सकाळ-संध्याकाळ गोळी घ्यावी लागते, आणि गोळ्यांची डबी उघडताना ते एकदा कंपनीची आठवण काढतात, ती इथे सांगण्यासारखी नाही.

बसचालकाला शोधत ते स्वतः त्याच्या घरी गेले होते. तो दारातच म्हणाला, "आलात? आता माझ्या पंगतीला बसलात."

"बसलो होतो. उठतोय हळूहळू," भाऊ म्हणाले. "तुम्हीही उठा. 'भरपूर चाललं पाहिजे' हे वाक्य कोर्टात नोंदवलं गेलंय. वकीलबाई म्हणतात, त्याच्या जोरावर तुमचं अपील उभं राहतं."

अपील दाखल झालं. भाऊंना पुन्हा साक्षीला बोलावलंय. बायकोने त्यासाठी नवी पँट शिवायला घेतली आणि माप घेताना भाऊंनी नेहमीप्रमाणे श्वास रोखून पोट आत ओढलं.

"सोडा," टेप कमरेभोवती धरून ती म्हणाली. "शपथ घेऊन उभे राहणार आहात ना? मग माप तरी खरं द्या."

भाऊंनी श्वास सोडला. तेहतीस भरलं. तिने तारीख घालून वहीत लिहून ठेवलं.