बाबांची तपासणी

बाबांच्या मांडीत स्टीलचा रॉड आहे. बैलगाडीवरून पडले, तेव्हा बसवलेला. माझ्या बहिणीकडे जपानला जायचं ठरलं आणि आमच्या गावापासून, महागावपासूनच त्यांना घोर लागला. "मशीन बोंबलन. मंग काय सांगू मी त्याईले?"

नागपूरच्या विमानतळावर तपासणीची चौकट खरंच वाजली. जवानाने हातातली पट्टी अंगावरून फिरवली, तीही मांडीपाशी वाजली. बाबांनी पायजमा वर ओढून लांबलचक व्रण दाखवला. जवान हसला, खांदे, कंबर, पाय भराभर चाचपले आणि म्हणाला, "चलिए चाचा."

महिनाभराने परत निघालो. टोकियोच्या विमानतळावर काचेच्या कपाटासारख्या जागेत हात वर करून उभं राहायचं होतं. बाबा आधीच पायजमा गुंडाळू लागले, तर मी थांबवलं. यंत्र आवाज न करता फिरलं. पडद्यावर माणसाची साधी आकृती उमटली. मांडी कोरी. छातीवर मात्र एक पिवळा चौकोन.

तिथला कर्मचारी पुढे आला. दोन्ही तळवे उघडे करून त्याने दाखवले, किंचित वाकला, काहीतरी विचारलं आणि थांबला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं,

"हात लावू का, इचारून राह्यला तो."

मागे रांग ताटकळत होती, तरी तो तसाच उभा. अखेर बाबांनी मान हलवली. त्याने हाताच्या मागच्या बाजूने अलगद चाचपलं. बंडीच्या खिशातून घडी केलेला रुमाल निघाला. तो त्याने दोन्ही हातांनी परत दिला आणि पुन्हा वाकला. बाबाही वाकले, त्याच्याहून खाली.

विमानात बसल्यावर म्हणाले, "हाडातलं लोखंड सोडलं अन् फडकं धरलं. काय मशीन हाय."

मग खिडकीबाहेरच्या ढगांकडे बघत म्हणाले,

"आमच्या लहानपणी लोक अंग चोरून चालत आमच्यापासून. पाणी वरून वतत, ओंजळीत. शिवत नव्हते." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "अन् हा एवढा साहेब. शिवू का तुमाले, म्हणून उभा राह्यला."

कामानिमित्त कितीतरी देशांत मी अशा रांगांत उभा राहिलोय. पट्टा काढा, बूट काढा, यालाच वैतागत आलो. हात लावण्याआधी विचारून थांबणाऱ्या माणसाकडे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं होतं, तेही बाबा पाहत होते म्हणून.