शेवटचं प्रकरण न वाचता

इराचा फोन आला तेव्हा मी सांता क्लारातल्या आमच्या स्वयंपाकघरात चहा गाळत होते. "नीलूमावशी, आई गेली," ती म्हणाली. माझ्या मैत्रिणीची, वसुधाची, ही मुलगी माझ्याशी जन्मभर अर्धं इंग्रजीच बोलत आलेली. तेवढं मात्र तिने अख्खं मराठीत सांगितलं आणि त्याचाच मला आधी धसका बसला. मी म्हणाले, "अगं, पण आज गुरुवार आहे." काय बोलले मी हे... न्यू जर्सीत, पार्सिपनीला, घरामागच्या वाटेवर वसुधा रोजच्यासारखी फिरायला गेली आणि तिथेच कोसळली. हृदयाचं काही दुखणं आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं, आणि ती स्वतः डॉक्टर. याला आता काही आठवडे झाले, तरी माझं डोकं ते मानायला तयार नाही.

गुरुवार आमचा होता. वसुधा लहान मुलांची डॉक्टर. तिच्या दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी आया स्पॅनिश बोलायच्या. दुभाष्याची वाट बघायचा हिला कंटाळा, म्हणून ती भाषा शिकली. आधी ताप, खोकला, जुलाब, मग त्या बायकांच्या गावाकडच्या गोष्टी आणि निवृत्तीनंतर थेट कादंबऱ्या. त्या मराठीत आणायच्या असं तिने डोक्यात घेतलं. अलीकडे ती अर्जेंटिनातल्या एका लेखिकेची कादंबरी करत होती. बंदराच्या गावात शिवणकाम करणारी एक बाई, लष्कराने उचलून नेलेल्या भावाची वाट बघत बसलेली. नवी पानं झाली की वसुधा दर गुरुवारी मला फोनवर वाचून दाखवायची. मला स्पॅनिशचा ओ की ठो कळत नाही, पण मराठी खटकलं की मी टोकायचे आणि बाईसाहेब फणकारायच्या.

तिचा एक हट्ट होता. मूळ पुस्तक पुढे वाचायचं नाही. जेवढं मराठीत उतरलं तेवढंच तिलाही माहीत. "आधी सगळं वाचून घे ना, शहाणी माणसं असंच करतात," मी म्हणायचे. त्यावर ती म्हणायची, "पुढचं कळलं की मला कंटाळा येतो नीलू, आणि तो माझ्या वाक्यात दिसतो." मागच्या फोनवर आम्ही कडाकडा भांडलो, तेही यावरूनच. शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं आणि भाऊ येतो की नाही हे मला तिथल्या तिथे हवं होतं. "थांब जरा, मलाही हवंय," असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी न्यू जर्सीला पोहोचले तेव्हा खिडकीजवळच्या टेबलावर ते पुस्तक पालथं पडलेलं होतं. मोहनराव, म्हणजे वसुधाचे यजमान, त्याला कुणाला हात लावू देत नव्हते. शेवटी दिवसकार्य आटोपल्यावर एका दुपारी त्यांनी स्वतःच ते इराच्या हातात दिलं. तिने शाळा-कॉलेजात स्पॅनिश घेतलं होतं. इरा तिथेच उभ्याउभ्या वाचत गेली. आम्ही दोघं निकाल ऐकायला बसल्यासारखे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"मावशी, तो ऑलरेडी आला होता," ती म्हणाली. "द ब्रदर. फाटलेला कोट शिवून घ्यायला एक माणूस येतो ना शॉपमध्ये? तोच. तिने ओळखलंच नाही. लास्ट चॅप्टरमध्ये तिला आठवतं, कोटाच्या आत जुने टाके होते. ते तिचेच होते."

तो माणूस मला चांगला आठवत होता. चार-पाच गुरुवारांपूर्वीच तर येऊन गेला होता. परका, बडबड्या, दारात घुटमळणारा. वसुधा अमरावतीची, तिने गंमत म्हणून त्याच्या तोंडी वऱ्हाडी घातली होती. "बाई, जराकसं पानी भेटन काय?" आम्ही दोघी त्याला पोट धरून हसलो होतो, आणि पुढच्याच पानापासून पुन्हा भावाची वाट बघायला लागलो होतो. तो भाऊ होता, म्हणजे बहिणीसारखंच साधं पुस्तकी मराठी बोलायला हवा होता. तो समोर येऊन उभा राहिला आणि आम्ही त्याला परका करून वाटेला लावलं... वसुधा गेली ती तो यायचाच आहे असं समजून.

"शुड वी चेंज इट?" वऱ्हाडीचं सगळं माझ्याकडून ऐकल्यावर इराने विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आतच मोहनरावांनी विचारलं, "तिला हे कळलं असतं, तर तिने काय केलं असतं?"

"काय करणार? सगळं पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा केलं असतं," मी म्हणाले. "मला छळलं असतं."

"वर्षभर लागलं असतं?"

"सहज."

मोहनराव आयुष्यभर पूल बांधलेले इंजिनिअर, भावुक होणारा माणूसच नव्हे. ते उठून टेबलाजवळच्या वसुधाच्या रिकाम्या खुर्चीपाशी गेले.

"मग वाचायला हवं होतं तिने पुढचं," ते म्हणाले. "एवढं काम अर्धवट टाकून ती गेली नसती."